मेंटॉर नेमला, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणितात पीएच.डी. करणाऱ्यांमध्ये काही गटांतली माणसे फार थोडी दिसतात. स्त्रिया, घरातून पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेले, वंश वा जातीमुळे पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणाबाहेर राहिलेले, अपंग, परक्या भाषेत शिकावे लागणारे. अशा विद्यार्थ्यांना ‘मेंटॉर’, म्हणजे पाठीशी राहून वाट दाखवणारा अध्यापक, द्यावा याबद्दल आता फारसे दुमत राहिलेले नाही. विभाग यादी करतो, प्रत्येक नावासमोर एका अध्यापकाचे नाव घालतो, ओळखीची एक बैठक होते आणि फाइल बंद होते. त्या अध्यापकाने पुढच्या आठवड्यात नेमके काय करायचे, हे कुठेच लिहिलेले नसते. संशोधनाचे मार्गदर्शन हे आमचे रोजचे काम असल्याने त्या न लिहिलेल्या भागाबद्दल हे पत्र. लांबले आहे याची कल्पना आहे. कात्री लावायचीच झाली तर इतिहासाला लावावी, वेळापत्रकाला नको.

आधी धीर देणारी भाषणे कमी करावीत. पीएच.डी.ला प्रवेश मिळवून आलेल्या मुलीला ‘तुला जमेल’ हे दर पंधरा दिवसांनी ऐकवले की तिला शंका येऊ लागते, आपल्याला जमणार नाही असे कुणाला वाटते आहे का? तिला हवी असते माहिती, आणि ती वेळेवर. जुन्या प्रश्नपत्रिका कुणाकडे आहेत. कुठले परीक्षक सिद्धतेपेक्षा प्रतिउदाहरणावर (विधान खोटे पाडणाऱ्या उदाहरणावर) भर देतात. सेमिनारला पहिल्या पंधरा मिनिटांनंतर अध्यापकांपैकीही बऱ्याच जणांच्या डोक्यावरून जात असते, तरी ते बसून राहतात. वीस पानांचा शोधनिबंध नीट वाचायला महिना लागू शकतो आणि तो पहिल्या ओळीपासून क्रमाने वाचायचाच असे नाही. मार्गदर्शकाकडे जाऊन ‘मला एखादा प्रश्न द्या’ असे सरळ म्हणता येते. ही माहिती नियमावलीत नसते. ती जिन्यात, कॉरिडॉरमध्ये, जेवणाच्या टेबलावर फिरत असते. ज्याच्या घरात कुणी प्राध्यापक आहे किंवा ज्याचे पाच दोस्त त्याच विभागात आहेत, त्याला ती न मागता मिळते. एकट्या पडलेल्याला ती वर्षभर उशिरा कळते, आणि पात्रता परीक्षा (प्रबंधाच्या कामाआधी विभाग घेतो ती) बहुधा पहिल्या दोन वर्षांत, मोजक्या संधींत द्यायची असल्याने हा उशीर फार महाग पडतो.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७०च्या दशकात युरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी इतक्या प्रमाणात नापास का होतात, याचा माग काढला. अध्यापकांचे अंदाज ठरलेले होते: जिद्द कमी, शाळेतली तयारी कच्ची, घरच्यांचा पाठिंबा नाही, पैशाची चणचण. विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर जाऊन, ते अभ्यास कसा करतात हे ट्राइसमन यांनी प्रत्यक्ष पाहिले तेव्हा यातला एकही अंदाज टिकला नाही. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकट्याने गणिते सोडवत आणि मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, चुका काढत, परीक्षेत काय येईल याची चर्चा करत. कृष्णवर्णीय विद्यार्थी सांगितलेले तास इमानेइतबारे भरत, पण एकटेच. एखादे गणित अडले तर ते फक्त आपल्यालाच अडले आहे की सगळ्यांनाच, हे कळायला त्यांना मार्ग नव्हता. ट्राइसमन यांनी उपाय केला तो ‘कच्च्या विद्यार्थ्यांचा वर्ग’ काढण्याच्या अगदी उलट. नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली आणि ती गटात सोडवायला लावली. निकाल बदलले. ते पदवीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते, पण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात अगदी हेच घडते.

म्हणून मेंटॉरचे पहिले काम अभ्यासगट लावून देणे. तीन ते पाच जण. सहावा आला की दोघे नुसते ऐकणारे होतात. गटात फक्त ‘त्या’ गटातले विद्यार्थी ठेवू नयेत, आणि शक्यतो एकीलाच चार जणांत एकटी पाडू नये. दोघी असल्या तर गटाची भाषा बदलते. आठवड्याला सहा गणितांचा एक कागद: दोन सहज सुटणारी, तीन परीक्षेच्या पातळीची, एक त्याहून वरची. प्रत्येकाने आधी किमान तीन तास एकट्याने झटायचे, मग दोन तास फळ्यापाशी. ही अट पाळली गेली नाही तर गट बिघडतो, कारण जो भराभर बोलतो तोच सगळी गणिते सोडवतो आणि बाकीच्यांना आपल्याला समजले असा भ्रम होतो. फळ्यावर कोण लिहिणार हे चिठ्ठी टाकून ठरवावे. लिहिणाऱ्याला मध्येच थांबवून खडू हातातून घ्यायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. क्षुल्लक वाटतो, पण ज्याचा खडू दोनदा काढून घेतला जातो तो तिसऱ्यांदा फळ्याकडे जात नाही.

परीक्षेच्या सहा आठवडे आधी एक पूर्ण सराव परीक्षा, घड्याळ लावून, पुस्तके बंद ठेवून. तपासणाऱ्याने खऱ्या परीक्षेच्याच मोजमापाने गुण द्यावेत आणि प्रत्येक उत्तरापाशी एक ओळ लिहावी: इथे गुण का कापले. अनेकांना गणित येत असते, गुण जातात ते भलत्याच कारणाने. प्रमेय वापरताना त्याच्या अटी पूर्ण होतात हे दाखवलेलेच नसते.

एक उदाहरण देतो, कारण मेंटॉरची बैठक कशी चालावी हे त्यातून कळेल. लेबेगच्या ‘डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स’ प्रमेयाने फलनांच्या क्रमिकेची सीमा आणि संकलन (आलेखाखालचे क्षेत्रफळ) यांची अदलाबदल करता येते. अट अशी की सगळ्या फलनांना वरून झाकणारे, सांत संकलनाचे एकच फलन हवे. विद्यार्थी हे घडाघडा म्हणून दाखवतो. मेंटॉरने विचारावे, अट काढली तर काय बिघडेल? उत्तर नसेल तर सांगून टाकू नये, चित्र काढायला लावावे. ० पासून १/क पर्यंत फलनाची किंमत क, बाकी सगळीकडे शून्य. आलेख म्हणजे एक आयत, रुंदी १/क, उंची क, क्षेत्रफळ दर वेळी १. क वाढवत नेला की आयत अधिकाधिक अरुंद आणि उंच होतो. शून्याच्या उजवीकडचा कुठलाही बिंदू घ्या, कधी ना कधी आयत त्याच्या अलीकडे सरकतो आणि तिथली किंमत शून्य होते. सीमा शून्य, तिचे क्षेत्रफळ शून्य, पण क्षेत्रफळांची सीमा १. हे चित्र स्वतःच्या हाताने काढलेला विद्यार्थी ती अट पुन्हा विसरत नाही. प्रत्येक मोठ्या प्रमेयासाठी ‘अट काढली तर’ असे एकेक प्रतिउदाहरण वहीत जमवायला सांगावे. विश्लेषणातली (सीमा, संकलन वगैरेंचा अभ्यास करणाऱ्या शाखेतली) अशी पंचवीसेक उदाहरणे हाताशी असली की तोंडी परीक्षेची निम्मी भीती जाते.

तयारीत खरोखर खिंडार असेल तर ते पहिल्या आठवड्यातच शोधावे. रेषीय बीजगणित आणि पदवीच्या पातळीचे विश्लेषण यांवरचा, गुण नसलेला, तासाभराचा कागद पुरतो. निकालावरून पहिल्या सत्रात कुठले विषय घ्यायचे ते ठरवावे. चुका दोन प्रकारच्या होतात. एक, विद्यार्थी बुजू नये म्हणून त्याला थेट वरच्या विषयात बसवतात आणि तो महिन्याभरात बुडतो. दोन, त्याला सरसकट खालच्या वर्गात घालतात, तेही इतरांना दिसेल असे, आणि वर्षभर तो ‘तो खालच्या वर्गातला’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकेत सिल्व्हिया बोझमन आणि रोंडा ह्यूज यांनी १९९८ साली सुरू केलेल्या ‘एज’ या उपक्रमाने यातून वाट काढली. पीएच.डी.ला प्रवेश घेतलेल्या स्त्रियांसाठी सत्र सुरू होण्याआधी चार आठवड्यांचे उन्हाळी शिबिर, त्यात विश्लेषण आणि बीजगणित कसून, शिवाय पुढे पहिल्या वर्षभर पाठपुरावा. स्पेलमन आणि ब्रिन मॉर या महाविद्यालयांतून निघालेल्या या उपक्रमाचे मर्म आम्हाला त्या पाठपुराव्यात दिसते. शिबिरे पुष्कळ होतात; ऑक्टोबरात फोन करणारे थोडे असतात.

आता आठवड्याची बैठक. एक तास, ठरलेला वार, ठरलेली वेळ. ‘कधीही ये, दार उघडे आहे’ हे वाक्य विसरून जावे. दार उघडे असल्याचा फायदा ज्याला आत शिरण्याची सवय आहे तोच घेतो. बाकीचे दारातून डोकावून, गुरुजी कामात दिसतात म्हणून परत जातात. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी विद्यार्थ्याने एक पान पाठवायचे: काय वाचले, कुठे अडले, काय करून पाहिले. ‘काहीच झाले नाही’ हेही पान चालते, मात्र ते पाठवायचे. तासातली पहिली दहा मिनिटे त्या पानावर, पुढची चाळीस फळ्यावर (खडू विद्यार्थ्याच्या हातात), शेवटची दहा पुढच्या आठवड्याचे काम लिहून काढण्यात. ते लिहिणेही विद्यार्थ्यानेच करावे, म्हणजे मार्गदर्शकाने सांगितले एक आणि त्याने ऐकले दुसरेच, हे तिथल्या तिथे उघडे पडते. लागोपाठ दोन बैठका चुकल्या तर मेंटॉरने स्वतः फोन करावा. गणितात अडलेला माणूस आवाज करत नाही. तो दिसेनासा होतो.

चुका कशा दाखवाव्यात यावर एक चांगला प्रयोग आहे. १९९९ साली जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या निबंधांवर परखड शेरे दिले. नुसते शेरे मिळाले तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तपासणारा पक्षपाती वाटला आणि काम सुधारण्याची त्यांची इच्छा उतरली. शेऱ्यांच्या आधी सर्वसाधारण कौतुक जोडल्याने काम पुरेसे भागले नाही. पण ‘माझे निकष कडक आहेत, आणि तुझे काम पाहता तू त्यांना उतरशील असे मला वाटते’ हे दोन्ही एकत्र सांगितले तेव्हा फरक पडला. आमच्या कामात याचा अर्थ असा: सिद्धतेचा मसुदा लाल करून देताना सुरुवातीला दोन ओळी लिहाव्यात. हा मसुदा नियतकालिकाच्या परीक्षकाच्या नजरेने तपासला आहे. तिसऱ्या उपप्रमेयातली कल्पना खरी आहे, म्हणूनच बाकीच्याकडे इतके बारकाईने पाहिले. कौतुक करायचे तर असे, उपप्रमेयाचा क्रमांक सांगून. ‘छान प्रयत्न’ म्हणजे काहीच नाही.

संशोधनाचा मार्गदर्शक निवडताना विद्यार्थी बहुधा विषय पाहतात, माणूस पाहत नाहीत. मेंटॉरने इथे सरळ मदत करावी. ‘मॅथेमॅटिक्स जिनिऑलॉजी प्रोजेक्ट’ या संकेतस्थळावर कुणाच्या हाताखाली किती जणांनी कुठल्या वर्षी पीएच.डी. केली ते दिसते. उपयोगी आहे, पण त्यावर सोडून गेलेल्यांची नोंद नसते. म्हणून आजी-माजी दोन विद्यार्थ्यांशी बोलायला लावावे आणि प्रश्नही देऊन टाकावेत. पान पाठवल्यावर उत्तर किती दिवसांत येते? पहिला प्रश्न कुणी सुचवला? सर परदेशी असतात तेव्हा काय करता? गेल्या काही वर्षांत कुणी सोडून गेले का? नामवंत मार्गदर्शक नेहमीच वाईट नसतो आणि तरुण नेहमीच चांगला नसतो. तरुणाकडे वेळ असतो, ज्येष्ठाच्या पत्राला वजन असते. दोघे मिळाले, सहमार्गदर्शक म्हणून, तर सर्वांत बरे.

पहिला संशोधनप्रश्न ही पीएच.डी.तली सर्वांत नाजूक जागा. मार्गदर्शकाला स्वतःला दहा वर्षे छळणारा प्रश्न नवख्याला देऊन टाकणे हा मोठेपणा नव्हे, निष्काळजीपणा आहे. प्रश्नाच्या तीन पायऱ्या कराव्यात. पहिली, ज्ञात प्रमेय लहान उदाहरणांवर हाताने किंवा संगणकावर तपासून तक्ता करणे. हे हमखास होते. दुसरी, एक अट सैल करून निष्कर्ष किती टिकतो ते पाहणे. बहुधा होते, आणि नाही झाले तरी प्रतिउदाहरण हाती लागते. तिसरी खरी, जी सुटेल की नाही ते मार्गदर्शकालाही ठाऊक नाही. विद्यार्थ्याला हे स्पष्ट सांगावे. नाहीतर तिसरीवर अडलेला विद्यार्थी पहिल्या दोन पायऱ्यांचे काम कचरा समजून टाकून देतो, आणि त्यातच एखादे प्रकरण दडलेले असते. तीन महिने काहीच हलले नाही तर प्रश्न बदलावा किंवा आखूड करावा, आणि हा निर्णय मार्गदर्शकाने बोलून दाखवावा. एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याच्या तोंडून ‘प्रश्न बदलू या’ हे निघत नाही. त्याला वाटते हे म्हटले की आपण इथले नाही हेच सिद्ध झाले.

पहिल्या व्याख्यानाची दोनदा रंगीत तालीम घ्यावी, एकदा मित्रांपुढे, एकदा मेंटॉरपुढे. पन्नास मिनिटांच्या व्याख्यानात सिद्धता एकच, तीही मुख्य नव्हे तर सर्वांत सोप्या खऱ्या उदाहरणाची. आणि कुणीतरी दुसऱ्याच मिनिटाला ‘हे तर उघडच आहे ना?’ असे म्हणणारच. त्यावर द्यायचे उत्तर आधीच घोटून ठेवावे: ‘पहिला भाग हो, दुसऱ्याला या अटीची गरज आहे, दोन मिनिटांत येतोच तिकडे.’ असा प्रश्न कुणी तीन वेळा केला तर थांबवणे हे अध्यक्षाचे काम आहे, वक्त्याचे नाही, आणि अध्यक्षाला ते आधी सांगून ठेवणे मेंटॉरचे.

अंध विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक लहान गोष्ट फार मोठी ठरते. लॅटेक या गणिती मजकूर मांडण्याच्या प्रणालीतून तयार केलेली पीडीएफ पडदावाचकाला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला) बऱ्याचदा नीट वाचता येत नाही. सूत्रांचा चुराडा होतो. मूळ टेक फाइल दिली तर विद्यार्थी तीच थेट वाचू शकतो. टिपणे, गणितांचे कागद, प्रश्नपत्रिका, सगळ्याची टेक फाइल आदल्या दिवशी द्यावी. आणि फळ्यावर लिहिताना ‘हे इकडून तिकडे गेले’ असे म्हणू नये. काय कुठून कुठे गेले ते उच्चारावे. डोळस विद्यार्थ्यांनाही ते नीट कळते, हा वरचा फायदा.

परक्या भाषेत लिहिणाऱ्यांसाठी दिलासा असा की सिद्धतेची भाषा मुळात फार तोकडी असते. ‘समजा’, ‘असे मानू’, ‘आता एवढेच दाखवायचे उरते की’ अशी चाळीसेक वाक्ये चांगल्या शोधनिबंधांतून उतरवून घेतली की मजकुराचा सांगाडा उभा राहतो. तोंडी परीक्षेत अडला तर फळ्यावर लिहून उत्तर द्यायची मुभा हवी.

या सगळ्याने विद्यार्थी तयार होतो. त्याला आत घेणारे दार ही वेगळी गोष्ट. रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्हस्काया १८७० साली बर्लिनला आली तेव्हा स्त्रियांना विद्यापीठाच्या व्याख्यानांना बसता येत नव्हते. कार्ल वायरश्ट्रास यांनी तिला चार वर्षे खासगीत शिकवले आणि १८७४ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली. इतका मोठा गुरू, इतके काम, आणि तरीही पुढची कित्येक वर्षे विद्यापीठात जागा नाही. गस्टा मिटॅग-लेफ्लर यांनी स्टॉकहोमला जागा मिळवून दिली ती १८८३ मध्ये. अमेरिकन गणितज्ञ डेव्हिड ब्लॅकवेल यांनी १९४१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी इलिनॉयमधून पीएच.डी. केली, बर्कलीत त्यांचे नाव १९४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच निघाले होते, पण ते कृष्णवर्णीय असल्याने बारगळले आणि नेमणूक व्हायला १९५४ उजाडले. पुढे त्यांच्या हाताखाली साठहून अधिक जणांनी पीएच.डी. केली. शिकवणारा आणि नाव पुढे करणारा, ही दोन कामे आहेत, आणि बहुतेक मेंटॉर पहिले करून थांबतात.

नाव पुढे करणे म्हणजे काय? परिषदेच्या आयोजकाला ‘या विषयावर हिला बोलवा’ असे पत्र लिहिणे. शोधनिबंध झाला की त्या क्षेत्रातल्या पाच जणांना तो स्वतःच्या दोन ओळींसह पाठवणे. आर्काइव्हवर (छापून येण्याआधीचे निबंध ठेवण्याच्या संकेतस्थळावर) पहिल्यांदा निबंध टाकणाऱ्याला जुन्या लेखकाचे अनुमोदन लागू शकते. ते मागायची वेळ येण्याआधी देणे. संख्यासिद्धांतातला (पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्या शाखेतला) एक नमुना पाहण्यासारखा आहे. २००८ साली कॅनडात बॅन्फ इथे ‘विमेन इन नंबर्स’ ही कार्यशाळा झाली. व्याख्यानांची रांग लावण्याऐवजी ज्येष्ठ संशोधिकांनी एकेक प्रश्न आणला, प्रत्येकीभोवती विद्यार्थिनी आणि तरुण संशोधिकांचा गट बसवला आणि आठवडाभर संशोधनच केले. त्यातून निबंध निघाले आणि पुढे शिफारसपत्र लिहू शकणारी, काम जवळून पाहिलेली माणसे मिळाली. इतर शाखांनी ही पद्धत नंतर उचलली.

शिफारसपत्राबद्दल अधिक लिहायला हवे, कारण गणितात नोकरी बव्हंशी पत्रांवर ठरते. संयुक्त निबंधात लेखकांची नावे वर्णानुक्रमाने येतात, त्यामुळे कुणी काय केले ते निबंधावरून कळत नाही. अशा वेळी वाचणारा श्रेय ज्येष्ठाला देऊन मोकळा होतो. म्हणून पत्रात स्पष्ट लिहावे: निबंधाच्या दुसऱ्या भागातला अंदाज हिचा, सिद्धतेतली मुख्य युक्तीही हिची, माझे काम मांडणीपुरते. २००३ मध्ये फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी वैद्यकीय अध्यापकपदांसाठीची तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासली. स्त्रियांसाठीची पत्रे सरासरीने आखूड होती आणि त्यांत शंका निर्माण करणारी वाक्ये अधिक होती. क्षेत्र वेगळे, पण आपले पत्र पाठवण्याआधी पडताळून पाहायला हरकत नाही. ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’, ‘सगळ्यांना मदत करते’ या शब्दांनी पहिला परिच्छेद भरला असेल तर ते पत्र उमेदवाराला बुडवते. पहिल्या परिच्छेदात प्रमेय हवे. आणि कुठल्या परिस्थितीतून वर आली याची हृदयद्रावक हकिगत तिच्या परवानगीशिवाय लिहू नये. ती सांगायची की नाही हे तिने ठरवायचे.

पत्र मागायचे कसे हेही शिकवावे लागते. मुदतीच्या सहा आठवडे आधी, सोबत कामाचे दोन पानी टिपण, अर्जांची यादी मुदतींसह. डॉक्टरेटनंतरच्या जागांचे अर्ज बहुतेक ठिकाणी जवळजवळ वर्षभर आधी जातात. परीक्षकांकडे निबंध महिनोन् महिने पडून राहतो, कधी वर्षाहून अधिक. म्हणजे जो निबंध नोकरीच्या अर्जात ‘स्वीकृत’ म्हणून दिसायला हवा तो दोन वर्षे आधी पाठवलेला असायला हवा. हा हिशेब दुसऱ्या वर्षी कागदावर मांडून दाखवला नाही तर चौथ्या वर्षी डोक्याला हात लावायची वेळ येते.

पैशाबाबत एकच. परिषदेचा खर्च ‘आधी तुम्ही करा, पावत्या द्या, नंतर मिळेल’ ही पद्धत साठवण नसलेल्या विद्यार्थ्याला गुपचूप बाहेर ठेवते. तो ‘मला यायचे नाही’ म्हणतो आणि विभागाला वाटते त्याला रस नाही. तिकीट विभागाने काढावे, निवासाचे पैसे थेट आयोजकांनी भरावेत, उरलेली रक्कम आगाऊ द्यावी.

जे थोडे असतात त्यांना सगळीकडे बोलावतात. विविधता समिती, माहितीपत्रकातले छायाचित्र, नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत, शाळांतली व्याख्याने. प्रत्येक काम चांगले, आणि बेरीज केली तर आठवड्यातला एक दिवस जातो. वर्षाला एक समिती, तीही पात्रता परीक्षा झाल्यावर, अशी मर्यादा मेंटॉरने घालावी आणि नकार आपल्या नावावर घ्यावा: ‘मार्गदर्शकांनी परवानगी दिली नाही.’ वाईटपणा घेणे हा कामाचाच भाग आहे.

एकाच माणसावर हे सगळे टाकू नये. मार्गदर्शकाच्या हातात विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, प्रबंध आणि पत्र असते. त्याच्यापुढे ‘मला दोन महिने काहीच कळलेले नाही’ हे कोण कबूल करेल? म्हणून दुसरा एक अध्यापक हवा, जो परीक्षेच्या समितीवर नाही आणि ज्याच्याकडून पत्रही घ्यायचे नाही. तिसरा, दोन वर्षे पुढे असलेला विद्यार्थी. बारीकसारीक माहिती त्याच्याकडूनच मिळते. या वरिष्ठ विद्यार्थ्याचे अध्यापनाचे काम तेवढ्या तासांनी कमी करावे, फुकटात राबवू नये. मेंटॉर त्याच गटातला असावा का, असे नेहमी विचारले जाते. असला तर बरे, पण विभागात अशी एकच अध्यापिका असेल तर सगळ्या मुली तिच्याकडे पाठवणे म्हणजे तिचे संशोधन थांबवणे. वर लिहिलेल्यातले बहुतेक काम कुणालाही करता येते, त्यासाठी फक्त वेळापत्रक पाळावे लागते.

आणि जमले नाही तर? मार्गदर्शक बदलण्याची रीत प्रत्येक विभागाने लिहून, प्रवेशाच्या दिवशीच हातात द्यावी. अर्ज कुणाकडे करायचा (जुन्या मार्गदर्शकाकडे नव्हे), बदलाच्या काळात विद्यावेतन कुठून मिळेल, आतापर्यंतच्या संयुक्त कामावर कुणाचा किती हक्क, जुन्या मार्गदर्शकाचे पत्र नसले तर नोकरीच्या अर्जात त्याची जागा कोण भरून काढेल. ही चार उत्तरे एका पानात बसतात. विभागप्रमुखांनी ते पान या सत्राच्या सुरुवातीला काढावे, ही विनंती.

आपले,
गणितातील काही संशोधन-मार्गदर्शक